मदत हवी आहे : सामाईक घरातील दोन खोल्या पर्यटकांना द्यायच्या आहेत, पण राहणाऱ्या काकीचे नाव कागदावर नाही

नमस्कार.

मालवण तालुक्यात तारकर्लीच्या अलीकडे, खाडीकाठच्या एका वाडीत आमचे सामाईक घर आहे. पुढे खळे, मग पडवी, लोटा, माजघर आणि वर माडी अशा रचनेचे, चिऱ्याच्या भिंतींचे आणि मंगळुरी कौलांचे हे घर आजोबांनी बांधले. आता त्यात फक्त माझी थोरली काकी राहते. काका जाऊन अकरा वर्षे झाली, त्यांना मूलबाळ नव्हते, आणि आम्ही बाकीचे सगळे पुणे, मुंबई आणि एक चुलतभाऊ दुबई असे पांगलेलो आहोत.

माडीवरील दोन खोल्या दिवाळीपासून पर्यटकांना मुक्कामासाठी द्याव्यात आणि न्याहारी घरचीच असावी, ही काकीची स्वतःची इच्छा आहे. स्कूबा डायव्हिंगसाठी येणाऱ्या लोकांना ती गेली चार वर्षे माशांची ताटे करून देते, त्यामुळे अनोळखी माणसांची तिला सवय आहे. मुक्कामाची जबाबदारी मात्र निराळी असते, हे तिने गेल्या मे महिन्यात जवळून पाहिले. शेजारच्या वाडीतील एका घरी उतरलेला पाहुणा समुद्रात बुडता बुडता वाचला, आणि पोलीस चौकशीला आले तेव्हा घरमालकिणीकडे ना पाहुण्यांची नोंदवही होती, ना ओळखपत्राची प्रत, ना घराची कुठे नोंद. ज्या दलालाने पाहुणे पाठवले होते त्याने फोन बंद करून ठेवला, आणि त्या बाईंना एकटीला खेपा घालाव्या लागल्या. तेव्हापासून काकी म्हणते की कागद झाल्याशिवाय मी कोणाला माडीवर चढू देणार नाही. मला तिचे म्हणणे पूर्ण पटते, म्हणूनच हा प्रश्न विचारत आहे.

माझ्या वाचनात आले ते असे. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या निवास व न्याहारी योजनेत एक ते सहा खोल्यांच्या घराला रौप्य किंवा सुवर्ण श्रेणी मिळते आणि मालकाने कुटुंबासह त्याच घरात राहिले पाहिजे, अशी अट आहे. राज्यात पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी होते, आणि तिथेही मालकीची कागदपत्रे द्यावी लागतात. आमची अडचण नेमकी इथे आहे. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर, म्हणजे घरपट्टीच्या नोंदीत, अजून आजोबांचे नाव आहे. सातबाऱ्यावर सात नावे आहेत, त्यांत दिवंगत काकांचे आहे, काकीचे नाही. ज्यांची नावे कागदावर आहेत त्यांपैकी एकही माणूस त्या घरात राहत नाही, आणि जी बाई चाळीस वर्षे तिथे राहते, घरपट्टी भरते आणि पावसाळ्याआधी कौले परतवून घेते, तिचे नाव कुठेच नाही.

मी अर्ज करावा, असे घरात सुचवले गेले. पण मी वर्षातून दोनदा, गणपतीला आणि शिमग्याला, तिथे जातो. मी तिथे राहतो असे लिहून देणे खोटे ठरेल, आणि उद्या काही घडले तर उत्तर द्यायला दारात काकीच उभी असेल. म्हणून नोंदणी तिच्याच नावाने व्हावी, असा माझा आग्रह आहे. ती कशी करता येईल आणि बाकीच्या सहहिस्सेदारांची संमती कोणत्या स्वरूपात घ्यावी, हा माझा मुख्य प्रश्न.

दुसरा प्रश्न बांधकामाचा आहे. माडीला लागून शौचालय नाही. मागच्या दारी, विहिरीच्या पलीकडे दोन न्हाणीघरे बांधावीत, असा विचार होता. परंतु तिथून खाडी जवळ आहे आणि किनारा नियमन क्षेत्राचे नियम भरतीच्या पाण्याच्या खाड्यांनाही लागू होतात, एवढे मला ठाऊक आहे. कोणी कृषी पर्यटनाच्या धोरणाखाली अर्ज करण्याचा सल्ला दिला, पण त्यासाठी किमान एक एकर जमीन लागते आणि आमची जागा चौदा गुंठे आहे.

तिसरा प्रश्न कराचा. एका बुकिंग कंपनीचा प्रतिनिधी घरी येऊन गेला आणि जीएसटी क्रमांक घ्यावाच लागेल, असे काकीला सांगून गेला. दोन खोल्यांचे वर्षभराचे उत्पन्न चार लाखांच्या वर जाईल असे वाटत नाही. तरीही नोंदणी लागते का?

कृपया स्वतः या प्रक्रियेतून गेलेल्यांनी किंवा या विषयाचे काम करणाऱ्यांनी लिहावे.

प्रतिसाद १ (देवगड)

आमच्या भागात अनेक जण नोंदणी न करता खोल्या देतात आणि काही अडत नाही. आपण फार खोलात जात आहात असे वाटते. नोंदवही ठेवा आणि सुरू करा.

धागाकर्ता

आपल्या प्रतिसादाबद्दल आभार. परंतु शेजारच्या त्या बाईंचेही पाच वर्षे काही अडले नव्हते. एकसष्ट वर्षांच्या, एकट्या राहणाऱ्या बाईला मी तो धोका पत्करायला सांगू शकत नाही.

प्रतिसाद २ (कुडाळ)

धागाकर्त्यांचा आग्रह योग्य आहे. मी वकिली करतो आणि अशी प्रकरणे माझ्याकडे येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सर्वांत आधी एक गैरसमज दूर करावा. आपल्या काकी त्या घरात केवळ राहणाऱ्या नाहीत. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानुसार विधवा पत्नी ही पतीची पहिल्या वर्गातील वारस आहे, म्हणजे काकांच्या हिश्शात त्यांचा हक्क काका वारले त्याच दिवशी निर्माण झाला. राहिली आहे ती फक्त नोंद. वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे प्रत्यक्ष किंवा ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीवरून करता येतो. त्याला मृत्यूचा दाखला आणि वारसांबाबतचे प्रतिज्ञापत्र जोडावे. तलाठी हितसंबंधितांना नोटीस काढतात, हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते, आणि हरकत नसल्यास मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात. ते झाले की ग्रामपंचायतीकडे नमुना ८ मध्ये नाव लावण्याचा अर्ज द्यावा. नमुना ८ ही कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे, हे मात्र ध्यानात ठेवावे. कोकणात बायकांची नावे वर्षानुवर्षे लागत नाहीत आणि घराची वाटणी निघाली की त्या उघड्यावर पडतात, हे मी इतक्यांदा पाहिले आहे की होमस्टे झाला नाही तरी ही नोंद आपण करून घ्यावीच, असे कळकळीने सांगतो.

संमतीचे म्हणाल तर प्रत्येक सहहिस्सेदाराकडून ५०० रुपयांच्या मुद्रांकावर नोटरी केलेले संमतीपत्र घ्यावे. त्यात कोणत्या दोन खोल्या, कोण चालवणार, उत्पन्न कोणाचे आणि संमती किती वर्षांसाठी, हे स्पष्ट असावे. नुसते ‘हरकत नाही’ पुढे वादाला कारण होते. दुबईतील भावाने आपल्या वाणिज्य दूतावासात सही साक्षांकित करून कागद पाठवावा आणि तो भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे. ही मुदत लोक हमखास विसरतात.

न्हाणीघरे विहिरीपलीकडे बांधू नयेत. २०१९ च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेनुसार खाडीच्या काठी भरतीरेषेपासून ५० मीटर किंवा खाडीच्या रुंदीइतके अंतर, यांपैकी जे कमी असेल तेवढा पट्टा नियमनाखाली येतो. स्थानिक रहिवाशांनी होमस्टे चालवण्यामागची मूळ कल्पनाच अशी आहे की घराचे जोते, रचना आणि दर्शनी भाग न बदलता आहे त्या घरात पाहुणे ठेवावेत. पडवीचा एक कोपरा आतून भिंत घालून वापरला तर जोते वाढत नाही. तेही ग्रामपंचायतीला लेखी कळवून करावे, आणि शोषखड्डा विहिरीपासून दूर, उताराच्या बाजूला घ्यावा. पाहुणे वाढले की सर्वांत आधी विहीर खराब होते.

प्रतिसाद ३ (रत्नागिरी, कर सल्लागार)

जीएसटीबाबत त्या प्रतिनिधीने सांगितलेले बरोबर नाही. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही. कंपनीच्या संकेतस्थळावरून आलेल्या मुक्कामावर कर भरण्याची जबाबदारी अशा वेळी त्या कंपनीचीच असते. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर तो ५ टक्के आहे. प्राप्तिकराचे पाहता, न्याहारी, सफाई आणि पाहुणचार दिला जात असल्याने हे व्यवसायाचे उत्पन्न धरावे, घरभाड्याचे नव्हे. पैसे काकींच्याच खात्यात यावेत आणि पॅन त्यांचाच द्यावा. पुतण्याच्या खात्यात पैसे घेऊन नंतर त्यांना रोख देण्याची पद्धत कृपया टाळावी.

प्रतिसाद ४ (पेडणे, गोवा)

आमच्याकडे १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली नोंदणीशिवाय पाहुणे ठेवता येत नाहीत, त्यामुळे एक अनुभव सांगते. परदेशी पाहुणा आला की चोवीस तासांच्या आत त्याची माहिती, म्हणजे ज्याला सगळे फॉर्म सी म्हणतात ती, ऑनलाइन भरावीच लागते. एका रात्रीचा मुक्काम असला तरी सुटका नाही. त्यासाठी लागणारे खाते आधीच उघडून ठेवावे, पाहुणा दारात आल्यावर धावपळ करू नये. भारतीय पाहुण्यांकडून आधारची प्रत घ्यायची असेल तर पहिले आठ अंक झाकलेली प्रत मागावी. आणि काकींना ही कामे फोनवर करायला कोणीतरी शेजारी बसून शिकवावे. माझ्या सासूबाई पासष्टाव्या वर्षी शिकल्या.

धागाकर्ता (तीन आठवड्यांनंतर)

सर्वांचे मनापासून आभार. वारस नोंदीचा अर्ज दिला असून नोटिसा निघाल्या आहेत. काकी स्वतः तलाठी कार्यालयात आली आणि अर्जावर तिनेच सही केली. विहिरीपलीकडच्या बांधकामाचा विचार सोडला आहे, आणि पडवीच्या कोपऱ्याचे मोजमाप गवंड्याने घेतले आहे. दुबईच्या भावाची सही या महिन्यात होईल.

दुबईचे धरून पाच संमतीपत्रांचा प्रश्न मिटला आहे. सहावे अडले आहे. मुंबईतील एका चुलत बहिणीचे म्हणणे असे की संमती दिली तर पुढे वाटणीच्या वेळी माडीवरचा तिचा हक्क जाईल. तिची शंका मला अवास्तव वाटत नाही; काकीचे नाव जसे राहून गेले तसे आपलेही राहून जाईल, अशी तिला भीती आहे. कुडाळच्या वकील महोदयांना विनंती आहे की ही संमती केवळ वापरापुरती असून वाटणीच्या हक्काला बाधा आणत नाही, असे कलम संमतीपत्रात कोणत्या शब्दांत घालावे, ते कृपया लिहावे. तिला पटले तरच पुढे जायचे, असे काकीचे आणि माझे ठरले आहे.