लढाई संपली, मग हे घरी का आले नाहीत? : पूर्वेकडं राहिलेल्या फौजींच्या आठवणी

रानवाटा (धागाकर्ता)

११ डिसेंबर १९६७, पहाटेचे चार वाजून एकवीस मिनिटं. मी आठ वर्षांचा, पाटण तालुक्यातल्या आमच्या कौलारू घरात गोधडीत. जमिनीखालून ट्रक गेल्यासारखा आवाज झाला आणि कुणीतरी मला बखोटीला धरून अंगणात भिरकावलं. ते आमचे दादा, म्हणजे वडील. माझ्यामागोमाग धाकटी बहीण, मग आजी. आई उंबऱ्यातनंच मागं वळली, देव्हाऱ्याकडं. दादा ओरडले, "देव ऱ्हाऊ दे, आदी ती चिमणी विझव!" मागच्या भिंतीचे दगड सोप्यात आले तेव्हा आम्ही सगळे बाहेर होतो. कोयनेच्या त्या भूकंपात दीडशेहून जास्त माणसं गेली.

पुढचे कित्येक दिवस आम्ही रानात खोपीत राहिलो. तिथं शेकोटीपाशी दादा पहिल्यांदा म्हणाले, "ह्यो माजा दुसरा."

पहिला जपानात. २१ डिसेंबर १९४६, ननकाईचा भूकंप. पुढं मी वाचलं, तोही पहाटे चार वाजून एकोणीस मिनिटांनी झाला होता. दादा तेव्हा वीस वर्षांचे, मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या पलटणीत, ओकायामाच्या बाजूला. लाकडी बराक होडीसारखी डुलायला लागली. पोरं दाराकडं पळाली. पण पाण्याचा बंब पेटवायला एक जपानी म्हातारा होता, तो पळाला नाही. त्यानं बादली उचलून आधी भट्टीत ओतली आणि मग बाहेर आला. दादा म्हणायचे, "आमी रायफल न्हाई घेतली बरुबर, आन त्यानं इस्तू विझवला." घर पडून माणसं मरतात तशीच मागून लागणाऱ्या आगीतही मरतात, हे त्या म्हाताऱ्याच्या हाडीमाशी मुरलेलं होतं.

आता मुद्द्याचं. जपान शरण आला ऑगस्ट १९४५ मध्ये. त्यानंतर १९४६ च्या वसंतात राष्ट्रकुलाच्या ताबा फौजेबरोबर एक हिंदी ब्रिगेड कुरे बंदरात उतरली, २६८ वी. ब्रिगेडियर थिमय्या तिचे प्रमुख, आणि तिच्यात ही मराठा पलटण. काम काय, तर शस्त्रं हुडकून नष्ट करायची, किनाऱ्यावर चोरटी ये-जा अडवायची, पहारे द्यायचे. टोकियोत बादशहाच्या वाड्यावर पाळीपाळीनं गार्ड. जपानी लोकांत मिसळायचं नाही असा कडक हुकूम. आणि वाट बघायची. दादांना लढाईतलं विचारलं की दोन वाक्यांत आटपायचे. जपानातलं मात्र तासभर चालायचं.

तर मला या धाग्यावर पराक्रमाच्या गोष्टी नकोत, त्या पुष्कळ छापून आल्यात. १९४५ नंतर जपान, चीन, जावा, कोरिया या पट्ट्यात अडकून पडलेल्या कोवळ्या पोरांचं काय झालं ते लिहा. तुमच्या घरातलं, शेजारचं, कुठलंही चालेल. मराठीच असला पाहिजे असं नाही.

तळ्याकाठी

माझा फौजी मराठी नाही, अमेरिकन आहे. मरीन. मिशिगनमध्ये आमच्या शेजारी राहायचा, गेला आता. आम्ही नवे आलो त्या हिवाळ्यात मी फावड्यानं बर्फ काढताना कमरेत वाकत होतो. हा ऐंशीच्या घरातला म्हातारा कुंपणापलीकडून बघत होता. मला म्हणाला, "पाठीनं नाही, मांडीनं. मला हे चीनमध्ये शिकवलं."

अमेरिकन माणूस बर्फ काढायला चीनमध्ये शिकला, म्हटल्यावर मी फावडं ठेवलंच.

१९४४ साली अठरा पूर्ण होताच भरती. ओकिनावात लढला, तिथलं काही बोलायचा नाही. जपान शरण आला तेव्हा त्याला वाटलं, चला घरी. पण घरी जायचा हिशोब पॉइंटांवर होता. नोकरीच्या दर महिन्याला एक, परदेशातल्या दर महिन्याला आणखी एक, पदकाला पाच, आणि घरी मूल असेल तर बारा. याचे सगळे मिळून तीसच्या आसपास भरत होते. त्याच्या तुकडीतला एक जण जुळ्यांचा बाप होता, तो पहिल्या बोटीनं गेला. म्हातारा हसून म्हणायचा, "एकोणीस वर्षांचा होतो, मुलं करायला सवड नव्हती."

३० सप्टेंबर १९४५ ला त्यांची फर्स्ट मरीन डिव्हिजन उत्तर चीनमध्ये उतरली. मुख्य ठाणं तिआनजिन, मग दक्षिणेला छिंगदाओत सहावी मरीन डिव्हिजन. सगळे मिळून पन्नास हजारांच्या आसपास मरीन. कागदावर काम एकच, तिथल्या जपानी फौजेची शस्त्रं उतरवून त्यांना मायदेशी धाडायचं. शहरात शिरले तेव्हा माणसांनी रस्ते इतके फुलले होते की ट्रक हलेना. पोरं चाकांवर चढत होती. ते आठवलं की त्याचा चेहरा उजळायचा.

मग थंडी पडली. तांगशानच्या खाणीतला कोळसा आगगाडीनं छिन्ह्वांगदाओ बंदरात जायचा, तिथून बोटीनं शांघायला. तो कोळसा थांबला तर शांघाय थांबणार. रुळांच्या आजूबाजूला कम्युनिस्ट, आणि चीनच्या सरकारची, म्हणजे चँग कै-शेकची माणसं अपुरी. म्हणून गाड्यांवर आणि पुलांवर मरीन. आणि मला सगळ्यात नवल वाटलं ते हे, की त्याच लोहमार्गाच्या काही भागावर जपानी सैनिकही पहाऱ्याला होते, हत्यारासकट, कारण त्यांना काढलं तर रूळ उखडले जात. चार महिन्यांपूर्वी ज्यांच्यावर गोळ्या झाडल्या त्यांनी धावत्या गाडीला सॅल्यूट ठोकायचा, आणि यानं तो घ्यायचा. "हात वर जायला वेळ लागायचा," म्हणाला.

एका पुलावर बिनचाकाच्या डब्यात सहा जण राहायचे. रात्री गावातली पोरं रुळांवर सांडलेला कोळसा वेचायला यायची. हुकूम होता हाकलायचं. हा डब्याकडं तोंड करून उभा राहायचा. एकदा सार्जंटनं पाहिलं आणि काही न बोलता तोही शेजारी तसाच उभा राहिला.

जुलै १९४६ मध्ये आनपिंगला मरीनांच्या ताफ्यावर हल्ला होऊन चार जण गेले. तोवर हा घरी पोचला होता. वर्तमानपत्रात आतल्या पानावर बातमी. हॉटेलात एकानं ती वाचून विचारलं, "आपली माणसं अजून तिथं काय करतायत?" हा तिथं काम करून आलेला, पण त्यालाही उत्तर देता आलं नाही.

चिरमुरे

अडाणी प्रश्न. मरीन म्हणजे नेव्हीच ना?

तळ्याकाठी

नाही, पण हिशोब नेव्हीच्याच खात्यात. जहाजावरून येऊन किनारा घ्यायचा आणि जमिनीवर लढायचं, असं वेगळं दल. नेव्हीवाला म्हणालेलं म्हाताऱ्याला मुळीच चालायचं नाही, आमच्या घाटीला कोकण्या म्हटल्यासारखं.

चिरमुरे

कळलं, कळलं. :)

कृष्णाकाठ

लिहू का नको, चार दिवस ठरत नव्हतं. आमच्या घरात हा विषय निघाला की कुणीतरी उठून जातं.

माझे आजोबा आणि त्यांचे धाकटे भाऊ, आम्ही त्यांना बापूआजोबा म्हणायचो. गाव वाळव्याच्या बाजूला, तेव्हाचा सातारा जिल्हा. आजोबा लढाईच्या भरतीत फौजेत. बापूआजोबा पंधरा-सोळाचे, पत्री सरकारचे निरोपे. उसाच्या फडात लपलेल्या भूमिगतांना भाकरी पोचवायचे. त्या भाकरीची ज्वारी आजोबांच्या मनिऑर्डरीतून आलेली असायची. इंग्रजाच्या पगारावर इंग्रजाविरुद्धची भाकरी.

ऑक्टोबर १९४५ मध्ये आजोबांची पलटण ४९ व्या हिंदी ब्रिगेडबरोबर जाव्यात सुराबायाला उतरली. त्या ब्रिगेडीत दोन पलटणी मराठ्यांच्या होत्या. सांगितलं असं की जपान्यांच्या छावण्यांतून डच बायकापोरं सोडवून आणायची आहेत. खरं तर इंडोनेशियानं ऑगस्टमध्येच स्वातंत्र्य जाहीर केलं होतं, आणि ही फौज म्हणजे डचांना परत आणायची पहिली पायरी, हे तिथल्या पोरासोरांना कळत होतं. २८ तारखेला सगळं शहर उठलं. पलटण लहान लहान टोळ्यांत विखुरलेली, एकीला दुसरीची खबर नाही. ३० ला ब्रिगेडीचे प्रमुख ब्रिगेडियर मॅलबी मारले गेले. १० नोव्हेंबरला इंग्रजांनी मोठा हल्ला चढवला. तो दिवस इंडोनेशियात आजही वीरदिन म्हणून पाळतात. वीर त्यांचे. समोर आजोबा.

ते आयुष्यभरात यावर एकदाच बोलले, आणि तेही पिऊन. म्हणाले, "भितीवर 'मर्डेका' लिवल्यालं. मी इचारलं ह्याचा आर्थ काय. त्यो म्हनला, स्वराज्य. आन आमच्या चावडीच्या भितीवर बापूनं काय लिवलं हुतं?" चावडीच्या भिंतीवर १९४२ मध्ये डांबरानं 'चले जाव' लिहिलेलं होतं. बापूआजोबांच्याच हातचं.

सुटून आले ते लढाईपुरते भरती म्हणून, पेन्शन नाही. १९७२ मध्ये बापूआजोबांना ताम्रपट मिळाला, मानधन सुरू झालं. ताम्रपट सोप्यात लागला. आजोबांची दोन पदकं आम्ही पोरं लगोरीच्या डावात ठिकरी म्हणून वापरायचो, आणि आम्हाला कुणी रागावायचं नाही. दोघे भाऊ जेवायला मात्र शेवटपर्यंत एकाच ओळीत बसले. बापूआजोबा वाढणाऱ्या सुनेला आधी आजोबांच्या ताटाकडं हात करायचे.

इतकंच. कुणी चूक, कुणी बरोबर असली चर्चा कृपया नको.

मुक्काम जाकार्ता

@कृष्णाकाठ, मी नोकरीनिमित्त इथं सहा वर्षं आहे. मेंतेंग पुलोला राष्ट्रकुलाची युद्धस्मशानभूमी आहे, सुराबायाच्या कबरीही नंतर इकडेच आणल्या. हिंदी सैनिकांची ओळच्या ओळ आहे. तारखा बघितल्या की पोटात कालवतं, कारण कितीतरी जण लढाई संपल्यानंतरचे आहेत. गवत नीट कापलेलं, झाडं व्यवस्थित. मी दहा नोव्हेंबरला गेलो होतो. बाहेर मिरवणूक, आत मी आणि माळी. तुमच्या पलटणीचं कुणी शोधायचं असेल तर व्यक्तिगत निरोप करा, फोटो काढून पाठवीन.

माणदेशी मेंढरू

आमचे आजोबा जरा उशिराचे, १९५३ चे. कोरिया. आणि आता ते इंग्रजाचे नव्हते, आपल्या सरकारचे होते, हा फरक ते दर वेळी सांगायचे.

कोरियातली लढाई थांबली, पण मायदेशी परत जायला नकार देणारे बावीस हजारांवर चिनी आणि कोरियन कैदी उरले. ते कुणी सांभाळायचे? भारतानं. देखरेख करणाऱ्या आयोगाचे अध्यक्ष वर आलेलेच थिमय्या. आणि फौजेचे प्रमुख आपल्या कोल्हापूरकडचे थोरात, तेव्हा मेजर जनरल. दक्षिण कोरियाच्या सिंगमन ऱ्हीनं सांगितलं, हिंदी सैनिकाचा पाय माझ्या भुईला लागता कामा नये. म्हणून बोटीवरून हेलिकॉप्टरनं थेट मधल्या निर्लष्करी पट्ट्यात नेऊन उतरवलं. आजोबा म्हणायचे, "जल्मात येष्टीत बसलो नव्हतो, आन एकदम हेलिकाप्टर."

छावणीचं नाव हिंद नगर. कैदी कुंपणाआतून दगड मारायचे, शिव्या द्यायचे, आणि यांना गोळी न चालवायची सक्त ताकीद. कैद्यांच्या दंडांवर कम्युनिस्टांविरुद्धच्या घोषणा गोंदलेल्या होत्या, काहींनी हौसेनं गोंदलेल्या, काहींवर बळजबरी. घरी येऊन आजोबांनी हे सांगितल्यावर आजी म्हणाली, "माझ्या हातावर तुळस हाय, ती मला इचारून गोंदली व्हती व्हय?" आजी असलं बोलून जायची आणि मग भाकरी थापत बसायची.

एका मेजरला कैद्यांनी आत धरून ठेवलं, तेव्हा थोरात स्वतः निःशस्त्र आत गेले आणि त्याला घेऊन बाहेर आले. आजोबांच्या तोंडी ती गोष्ट अशी: "सायबानं आत जाऊन च्या मागितला. पाव्हन्याला च्या न्हाई म्हंजे काय!" खरं-खोटं साहेबाला ठाऊक, पण आमच्या घरी रुसलेल्या पाहुण्यापुढं चहा ठेवताना आजही 'थोरातांचा चहा' म्हणतात.

आज्जीची पिशवी

आमच्याकडं फौजीचं काही नाही, फौजीच्या बायकोचं आहे.

आजीचं लग्न झालं पंधराव्या वर्षी, महिन्याभरात आजोबा बेळगावला आणि तिथून पुढं. ऑगस्ट १९४५ ला लढाई संपल्याची दवंडी झाली. गावातले सहा जण फौजेत होते. दिवाळीपर्यंत दोघे आले, पुढच्या शिमग्यापर्यंत आणखी तिघे. आजोबा नाहीत. पत्र यायचं, शाळामास्तर वाचून दाखवायचे: मी खुशाल आहे, जपानात आहे. सासू म्हणायची, लढाई सपली तर ह्यो तिथं करतूय काय? गावात कुजबूज झाली की तिकडं दुसरी केली. आजीला तेव्हा कुणी पॉइंट सांगितले असते तर बरं झालं असतं. वाट तरी मोजून बघितली असती.

१९४७ च्या पावसाळ्यात आले. बरोबर एक काळी, लाखेचं चकचकीत काम केलेली जपानी डबी. आजीनं तीत कुंकू भरलं. आजोबांना कमरेत वाकून नमस्कार करायची खोड लागली होती, तलाठ्यालाही तसंच वाकायचे. लोक हसायचे. आजी म्हणायची, मला ती दुसरी कोण असेल ते कधी दिसलं नाही, पण ती वाकायची एवढं कळलं.

रानवाटा (धागाकर्ता)

@आज्जीची पिशवी, पहिलीच पलटण का? असेल तर दादा आणि तुमचे आजोबा एकाच बोटीनं आले असतील. व्यनि करतो.

काल हा सगळा धागा आईला वाचून दाखवला. ती आता अठ्ठ्याऐंशीची आहे. जपानी म्हाताऱ्याची बादली, दादांचं ओरडणं, सगळं नीट ऐकलं. मग म्हणाली, "चिमणी मी इझवलीच न्हवती. ती रातीच इझली हुती, त्याल सपून. तवा त्याल तरी कुठं रातभर पुरायचं."