Re: Re: Re: पितळी पट्टीचा मजकूर (गुरुवार दुपार, अतिशय तातडीचं)

प्रेषक: सचिव

मंडळी,
गणपतीसाठी आपल्याला क्लबहाउस देणाऱ्या इथल्या, मध्य इंग्लंडमधल्या (मिडलंड्स) रग्बी क्लबाला जी पितळी पट्टी द्यायची, तिचा मजकूर पट्टीवाल्याला गुरुवारी दुपारी चारपर्यंत हवाय. तीन ओळी, लहान टाइपात. देवनागरी त्याच्याकडे नाही, त्यामुळे आपण चित्र करून पाठवणार. म्हणजे चुकलं तर चूक आपलीच. सध्याचा मसुदा:

1987 पासून मिडलंड्स प्रीमियरमध्ये खेळणाऱ्या
आमच्या यजमान क्लबास
मंडळाकडून सप्रेम भेट

आक्षेप असेल तर आजच कळवा. बॅनर छापून आल्यावर वेलांटी काढणं मागच्या वर्षी झालं, तेवढं पुरे. आरतीला क्लबचे सेक्रेटरी स्वतः येणार आहेत.

---

प्रेषक: नाना (कॉव्हेंट्री)

आक्षेप आहे. पहिल्याच ओळीला आहे.

क्लब ज्या रग्बी लीगमध्ये खेळतो तिचं 'मिडलंड्स प्रीमियर' हे नाव 2017 साली आलं आणि 2022 साली गेलं. पाच मोसम. त्यातला एक करोनात सबंध बुडाला, आणि त्याच्या आधीचा मार्चमध्ये अर्धवट थांबला. 1987 साली सुरुवात झाली तेव्हा नाव होतं 'मिडलंड्स 1'. 2009 साली त्याचं 'नॅशनल लीग 3 मिडलंड्स' केलं. आता 2022 पासून 'रीजनल 1 मिडलंड्स'. लीग तीच, बारसं चार वेळा.

खात्री करायची असेल तर क्लबहाउसमध्ये बारच्या डाव्या हाताला जी लाकडी फळी आहे ती वाचा. वरच्या ओळी ऐसपैस सोनेरी अक्षरांत आहेत. नाव लांबलं तिथून अक्षरं बारीक होत गेलीत, आणि एका ठिकाणी तर 'मिडलंड्स' कडेला वाकलंय. रंगाऱ्याला जागा पुरली नाही. आपल्यालाही पुरणार नाही.

---

प्रेषक: स्मरणिका समिती

मजकुराचं काम स्मरणिका समितीकडे असतं, असं मे महिन्याच्या बैठकीत ठरलं होतं. पट्टी म्हणजे मजकूरच. आम्हाला थेट लिस्टवर कळतंय, असो.

आता मुद्दा. 1987 कशाला? रग्बी हे गाव आपल्यापासून अर्ध्या तासावर. तिथल्या शाळेत 1823 साली वेब एलिस नावाच्या मुलाने चेंडू हातात घेऊन धाव ठोकली आणि खेळ जन्माला आला, हे सगळ्या जगाला माहीत आहे. विश्वचषकालाही त्याचंच नाव आहे. 'दोनशे वर्षांच्या परंपरेतील' असं काहीतरी शोभेल.

---

प्रेषक: नाना (कॉव्हेंट्री)

ती गोष्ट वेब एलिस वारल्यानंतर चार वर्षांनी, 1876 साली पहिल्यांदा सांगितली गेली. त्याला स्वतःला कुणी विचारलं नाही. ऐकीव गोष्ट पितळेवर कोरू नका. शाळेतल्या मुलांनी नियम लिहून काढले ते 1845 साली, ते कागदावर आहे. पण ते खेळाचे नियम झाले. आपण बोलतोय लीगबद्दल, आणि लीग 1987 साली. तो आकडा बरोबर आहे, सचिवांनी तो सोडू नये.

---

प्रेषक: डॉ. काकू

नाना म्हणतात ते खरं आहे. मी इथे नोकरीला लागले तेव्हा लीग नव्हतीच. आमच्या वॉर्डातला एक पोर्टर जवळच्या रग्बी क्लबात फिक्स्चर सेक्रेटरी, म्हणजे मॅचेस ठरवणारा, होता. त्याच्या खिशात कायम पत्त्याच्या कॅटएवढं छापील कार्ड: सबंध मोसमाच्या मॅचेस, तारखा, घरी की बाहेर. ते कार्ड जमवण्यात त्याचं वर्ष जायचं. पत्रं लिहायची, फोन करायचे, दोन-दोन वर्षं आधी तारीख धरून ठेवायची. एखाद्या मोठ्या क्लबाशी मॅच मिळाली की तो आठवडाभर खुशीत. आणि मोठ्या क्लबाने 'पुढच्या वर्षापासून जमणार नाही' असं लिहिलं की घरात सुतक.

मी एकदा विचारलं, तुमची टीम चांगली की त्यांची? तर म्हणतो, ते ठरवायला काही साधन नाही, डॉक्टर. कार्डावर कोण आहे त्यावरून कळतं. मला अगदी लग्नाची यादी आठवली. कोणाच्या घरी कोण जेवायला येतं त्यावरून घराणं मोठं.

बाकी शनिवारी रात्री कॅज्युअल्टीत खांदा निखळलेली पोरं रांगेत असायची, चिखलासकट. त्यात लीगमुळे काही फरक पडला नाही.

पार्किंगचं काय ठरलं? मागच्या वर्षी मला मूर्ती मांडीवर घेऊन मैदानाच्या टोकापासून चालत यावं लागलं.

---

प्रेषक: तात्या (पूर्वी हडर्सफील्ड, आता नॉटिंगहॅम)

काकू, मूर्ती मांडीवर घेऊन चालत कसं येता येईल? :)

नानांच्या 1987 ला माझा विरोध आहे. मी अकरा वर्षं हडर्सफील्डला काढली आहेत. यॉर्कशायरच्या क्लबांनी 1892 सालीच आपसांत स्पर्धा लावली होती, गुणतक्त्यासकट. लीग नाही तर काय म्हणायचं त्याला? मग 1895 च्या ऑगस्टमध्ये स्टेशनाजवळच्या जॉर्ज हॉटेलात बसून उत्तरेचे वीसेक क्लब खेळ चालवणाऱ्या संघटनेतून, म्हणजे रग्बी युनियनमधून, फुटून निघाले. त्या हॉटेलसमोरून मी रोज कामाला जायचो. 'इंग्लंडमध्ये लीग 1987 पासून' असं कोरलं तर यॉर्कशायरचा माणूस हसेल.

---

प्रेषक: नाना (कॉव्हेंट्री)

तात्या, यॉर्कशायरचा माणूस आपल्या आरतीला येणार नाही. मसुद्यात 'इंग्लंडमध्ये' असा शब्दही नाही.

पण तुम्ही जॉर्ज हॉटेल काढलंत तर ते कशामुळे झालं तेही सांगा. उत्तरेतली पोरं गिरणीत नि कोळशाच्या खाणीत, शनिवारी दुपारपर्यंत काम. मॅचला लांब जायचं तर अर्धा दिवस बुडतो, पगार कापतात. क्लब म्हणाले, बुडालेली मजुरी तरी भरून देऊ. 1893 साली युनियनच्या लंडनच्या सभेत हा ठराव 282 विरुद्ध 136 मतांनी पडला. ज्यांना शनिवारची मजुरी म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं त्यांनी पाडला. दोन वर्षांनी उत्तर वेगळी झाली, आणि तिथून आजचा तेरा जणांचा 'रग्बी लीग' नावाचा वेगळा खेळ निघाला.

त्या फुटीची धास्ती रग्बी युनियनच्या साहेबांनी पुढे नव्वद वर्षं बाळगली. तक्ता आला की चुरस येते, चुरस आली की चांगला खेळाडू पळवावासा वाटतो, आणि पळवायचा म्हणजे पैसे. म्हणून तक्ताच नको! सत्तरच्या दशकात प्रादेशिक 'मेरिट टेबल' कशीबशी मान्य केली, तीही जे क्लब एकमेकांशी आधीच खेळत होते त्यांचा हिशेब, एवढीच.

मी दादरचा. आमच्या कांगा लीगमध्ये 1948 पासून पोरं भर पावसात गुडघाभर गवतात क्रिकेट खेळतात, ए, बी, सी करत वर चढतात, खाली घसरतात, आणि त्याने कोणाचा धर्म बुडाला नाही. इथे मात्र ज्यांनी जगाला खेळ शिकवला त्यांना वर-खाली चढणं-उतरणं मान्य करायला 1987 उजाडलं. तो आकडा पट्टीवर हवा असं मी म्हणतो ते यासाठी. त्या वर्षी कॉव्हेंट्री-लेस्टरसारख्या बड्या क्लबांपासून शेतात दोन खांब रोवलेल्या क्लबापर्यंत हजाराहून जास्त क्लब एका शिडीवर आले. काकूंच्या पोर्टरचं कार्ड त्या दिवशी संपलं.

---

प्रेषक: खजिनदार

नाना, निबंध छान. पण 1987 साली त्या शिडीला नाव होतं 'करेज लीग'. करेज म्हणजे बिअरची कंपनी, दहा वर्षं तिचेच पैसे. तेव्हा 'मूळ नाव' लिहायच्या भरात गणपतीसमोर दारूची जाहिरात कोरू नका, एवढंच.

दुसरं, पट्टीवाल्याने तीन ओळींचा भाव दिलाय. चौथी ओळ झाली तर वाढीव पैसे ज्याने सुचवली त्याने द्यावेत.

---

प्रेषक: वहिनी (सांस्कृतिक)

आपल्याकडचा काहीतरी संबंध पट्टीवर आला तर गोड वाटेल. इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये जो कलकत्ता कप खेळतात तो चांदीच्या 270 रुपयांची नाणी वितळवून केलाय ना? नागाच्या मुठी आणि झाकणावर हत्ती. हत्ती म्हणजे आपला गणपतीच झाला!

---

प्रेषक: तात्या

वहिनी, कलकत्ता. बंगाली मंडळाला कळलं तर ते हॉल मागायला येतील.

मुंबईचंच हवं असेल तर मुंबई जिमखाना आहे की. 1875 चा. पावसाळ्यात आझाद मैदानाच्या कडेला अजून रग्बी चालतं. माझा मावसभाऊ तिथे जायचा, घरी आला की मावशी दारातच बादली घेऊन उभी.

---

प्रेषक: बंटी

काका-काकू, मी क्लबच्या तिसऱ्या टीममध्ये खेळतो, म्हणून दोन गोष्टी.

एक, पार्किंग. त्या शनिवारी पहिल्या टीमची घरची मॅच आहे, तीनची किक-ऑफ. साडेपाचपर्यंत गाड्या हलणार नाहीत. साडेसहाच्या आत बूट-रूमकडच्या दारातून मखर आत आणू नका. तिथे स्टड आपटून चिखल पाडतात, वाळलेल्या ढेकळांचा खच असतो. मी झाडून घेईन, पण वास जाणार नाही. मूर्ती बारच्या बाजूने आणा.

दोन, मॅचची तारीख का बदलत नाहीत असं कोणीतरी मला व्हॉट्सॅपवर विचारलं. नाही बदलत. 2022 च्या आधी आमच्या पातळीवर चौदा टीम होत्या, 26 मॅचेस. पोरं कंटाळली, बायका कंटाळल्या, रविवारी अंग हलत नाही आणि सोमवारी ऑफिस. म्हणून बारा टीम, 22 मॅचेस, आणि प्रवास कमी व्हावा म्हणून गट जवळजवळचे पाडले. तेव्हापासून मोकळे शनिवार मिळाले, पण मॅच असते तो शनिवार पक्का. जिंकलं की चार गुण, चार ट्राय केले (चेंडू समोरच्यांच्या रेषेपलीकडे टेकवला) की एक बोनस, सात किंवा कमी गुणांनी हरलं तरी एक. त्या एका गुणासाठी आमचा कोच शेवटच्या मिनिटाला लाइनवर घसा फोडतो.

नाना, शिडीबद्दल एक राहिलं. वूस्टरचा क्लब. 1987 साली ते आपल्याच मिडलंड्सच्या खालच्या पायऱ्यांवर होते. 2004 साली सगळ्यात वरच्या पायरीवर, प्रीमियरशिपमध्ये पोचले. आणि 2022 च्या सप्टेंबरात दिवाळखोरीत गेले. आमच्या ड्रेसिंग रूममध्ये अजून कोणी 'वर जायचंय' म्हणालं की मागून कोणीतरी 'वूस्टर' एवढंच म्हणतं.

---

प्रेषक: स्मरणिका समिती

बंटी, हे स्मरणिकेसाठी लिहून दे. दोन पानं. फोटो आडवा.

---

प्रेषक: डॉ. काकू

बंटी, बारच्या बाजूने मूर्ती? बाटल्यांवर चादर टाकणार आहे का कोणी? आणि नैवेद्य कुठून न्यायचा?

---

प्रेषक: खजिनदार

चादर माझ्याकडे आहे. मागच्या वर्षीचीच. हळदीचा डाग आहे, तो आतल्या बाजूला करू.

---

प्रेषक: सचिव

तीन वाजून दहा मिनिटं. मी निर्णय घेतला. लीगचं नाव काढलं, म्हणजे पुढच्या बारशाला पट्टी बदलायला नको. साल ठेवलं. गेलेला मजकूर:

1987 पासून मिडलंड्सच्या लीगमध्ये खेळणाऱ्या
आमच्या यजमान क्लबास
मंडळाकडून सप्रेम भेट

चित्र पाठवलं. पट्टीवाल्याचा 'मिळालं' असा निरोप आला. तीनच ओळी आहेत, खजिनदार.

---

प्रेषक: स्मरणिका समिती

'मिडलंड्स' की 'मिडलँड्स'? आम्ही स्मरणिकेत सगळीकडे चंद्रबिंदू दिलाय.

---

प्रेषक: नाना (कॉव्हेंट्री)

मराठीत चंद्रबिंदू कशाला? अनुस्वार पुरे.

---

प्रेषक: सचिव

तीन वाजून पन्नास. मी फोन बंद करतोय.