घरात हरिपाठ म्हणजे पोरगं माळकरी, हे कुणी सांगितलं?

गोदाकाठ : काल इथं एकानं लिहिलं, "ज्या घरात हरिपाठ, त्या घरातली पोरं कधी नास्तिक होत नाहीत, सगळा संस्काराचा खेळ." खाली नुसते हात जोडलेले. मला नाही राहवलं. आमचे आजोबा पक्के वारकरी, आम्ही तिघं भाऊ एकाच घरात संध्याकाळी हरिपाठाला बसून वाढलो. थोरला आजही टाळ धरतो, मधल्यानं बारावीला माळ काढून खुंटीला टांगली ती टांगलीच, आणि मी परीक्षेपुरता देव मानणारा. आता सांगा, संस्कार कुणाला कमी पडला?

नाथषष्ठीवाला : तुमच्या घराचं सोडा. भानुदास, चक्रपाणी, सूर्यनारायण, एकनाथ. चार पिढ्या एका घरात. हे आपोआप होतं व्हय?

गोदाकाठ : नाथ लहानपणीच घर सोडून देवगडावर, म्हणजे दौलताबादच्या किल्ल्यावर, जनार्दनस्वामींकडं गेले, गुरू घराबाहेरच भेटला. आणि हरिपंडित? सख्खा मुलगा, बाप प्राकृतात पुराण सांगतो म्हणून रुसून काशीला गेला. पैठणचा असून विसरलास?

नाथषष्ठीवाला : नाथ जाऊन घेऊन आले की परत! अर्धीच गोष्ट सांगायची खोड तुमची.

गोदाकाठ : आला, पण अटी घालून. प्राकृतात पुराण बंद, परान्न बंद. उरलेली अर्धी मीच सांगितली, घ्या.

उदगीरची लेक : मुक्तेश्वराचं नाव कुणीच घेईना. मराठीत महाभारत लिहिणारा तो नाथांच्या लेकीचा मुलगा. पण लेकीकडनं काही येतं हे तुम्हाला धरायचंच नसतं. माझं ऐका, माहेरी खंडोबा, माळेगावच्या जत्रेत भंडारा खात मोठी झाले. अक्षता पडल्या न् एका दिवसात कुलदैवत तुळजापूर! पहिल्या घटाला सासूबाई म्हणाल्या, आता तुझी हीच. 23 वर्षांचा संस्कार मांडवातच ठेवून यायचा होता का?

नाथषष्ठीवाला : ताई, तुम्हाला दोन दोन देव, उलट फायदाच.

उदगीरची लेक : मग तू धर की सासऱ्याचं कुलदैवत, घे डबल फायदा. बोलायलास लई सोपं.

बिनमाळेचा : ताई, एवढं तापायचं कामून? रीत आहे ती.

उदगीरची लेक : तुला बदलावं लागलं असतं तर रीत म्हणाला असतास का? खंडोबाचा टाक माझ्या कपाटात साड्यांखाली आहे, अजून कुणाला दाखवला नाही.

निळी पाटी : देव बदलायचं आम्हाला विचारा. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला बाबासाहेबांनी 22 प्रतिज्ञा दिल्या, बातमी गावात आली न् आज्यानं देव्हारा उचलून नदीत सोडला. त्याच्या बापाच्या अंगात मरीआई यायची! संस्कारावरच सगळं असतं तर आम्ही आजही तिथंच असतो. आता हेही लिहितो, नाहीतर तुम्ही काढणारच, मी स्वतः बुद्धवंदना आईच्या मांडीवरच शिकलो. आणि आजी आषाढात गुपचूप गूळ-भाकर घेऊन शिवेकडं जायची, आज्याला माहीत होतं, कधी बोलला नाही.

नाथषष्ठीवाला : म्हणजे घरातूनच आलं ना शेवटी! तेच म्हणतोय मी तासाभरापासून.

निळी पाटी : जिंकलास बाबा. घे, नारळ फोड.

नाथषष्ठीवाला : गोदाकाठ, तुमच्या भावाचं खरंच देणंघेणं नाही तर ती माळ टाकून का देत नाहीत?

गोदाकाठ : दिवाळीला रंग द्यायला खुंटी काढणार होतो. त्यानंच काढू दिली नाही.