महाविद्यालयीन फुटबॉल: दोन सामन्यांत संपलेल्या हंगामाचे मूल्यमापन कसे करावे?

प्रश्न (सराव पाहणारा शिक्षक, सोलापूर)

येथील एका महाविद्यालयाच्या फुटबॉल संघाचा सराव मी गेली तीन वर्षे पाहतो. यंदा मुले जुलैपासून रोज सकाळी साडेसहाला मैदानावर हजर असत. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतील पहिला सामना आम्ही ३-० असा जिंकला. दुसरा सामना १-१ असा बरोबरीत सुटला आणि पेनल्टी शूटआउटमध्ये आम्ही ४-३ असे हरलो. स्पर्धा बाद पद्धतीची असल्यामुळे तीन महिन्यांच्या सरावाला दोन सामन्यांचे फळ मिळाले. ज्या मुलाचा फटका आडव्या खांबाला लागून परत आला, तो मैदान रिकामे झाल्यावरही उकिडवा बसून बोटांनी मुरूम उकरत होता. मी जवळ गेलो तेव्हा ‘सर, माझ्यामुळे गेलं,’ एवढेच तो बोलला. आता महाविद्यालयात कर्णधार बदला, संघच नव्याने निवडा, अशी भाषा सुरू झाली आहे. ती मला मुळीच पटत नाही. परंतु दोन सामन्यांवरून संघ नेमका कसा पारखावा आणि पुढच्या जुलैपर्यंतचा काळ कसा वापरावा, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर १ (माजी गोलरक्षक)

सर, शूटआउटच्या निकालावरून कर्णधार बदलू नये, असे मी आग्रहाने सांगेन. आपल्यावर गोल कोणत्या मिनिटाला झाला आणि तोपर्यंत आपण किती बदली खेळाडू उतरवले होते, हे आधी तपासावे. सोलापुरात पाऊस ओसरल्यानंतरचे ऊन आणि मुरमाड मैदान यांमुळे सत्तराव्या मिनिटानंतर पाय जड होतात. बचावपटू चेंडूकडे धावण्याऐवजी चेंडू आपल्याकडे येण्याची वाट पाहू लागतात आणि गोल तिथेच होतो. स्पर्धेच्या नियमावलीत पाच बदली खेळाडूंची मुभा असेल, तर ती पूर्ण वापरलीच पाहिजे. शूटआउटचा सरावही वेगळा हवा, आणि तो दमलेल्या पायांनी, रोजच्या सरावाच्या अखेरीस व्हावा. गोलरक्षकाचीही तयारी करून घ्यावी: फटका मारला जाण्याच्या क्षणी त्याच्या एका पायाचा काही भाग तरी गोलरेषेवर किंवा रेषेच्या मागे असावा लागतो, हे आमच्या वेळच्या कित्येक मुलांना धड माहीत नव्हते.

प्रश्नकर्ता

गोल अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला झाला आणि तोवर मी एकच बदल केला होता. ती चूक माझी होती. मुलांना आज सरावाच्या वेळी तसे सांगितले.

उत्तर २ (कोल्हापुरात शिकलेला सोलापूरकर)

शिक्षणासाठी कोल्हापुरात असताना शाहू स्टेडियमवर मी अनेक सामने पाहिले. पाटाकडील, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब अशा नावांच्या पेठांतल्या संघांना तेथे साखळी सामने मिळतात, म्हणजे प्रत्येक संघ इतर प्रत्येकाशी खेळतो. त्यामुळे एक पराभव पदरी आला तरी पुढच्या सामन्यात सावरण्याची संधी राहते. आपल्या मुलांना नेमके हेच मिळत नाही. हिशेब सोपा आहे. सोळा संघांची बाद फेरीची स्पर्धा पंधरा सामन्यांत संपते. पण आठ संघ एकच सामना खेळून घरी जातात. तेवढ्याच पंधरा सामन्यांत सहा संघांची साखळी पूर्ण होते आणि प्रत्येकाला पाच सामने मिळतात. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक, आणि गुण समान झाल्यास गोलफरक पाहावा. विद्यापीठाच्या वेळापत्रकाला हात न लावता शहरातील सहा महाविद्यालयांच्या क्रीडा शिक्षकांनी एकत्र बसून हे ठरवता येईल. संघाची खरी पारख पाच सामन्यांत होते, असे माझे ठाम मत आहे.

उत्तर ३ (विद्यापीठ संघातील माजी खेळाडू)

वरील सूचना योग्य आहे. मात्र तारखा ठरवताना जानेवारी टाळावा, कारण सिद्धेश्वर यात्रेच्या गड्ड्यामुळे (तिथे भरणाऱ्या जत्रेमुळे) शहरातले ‘होम मैदान’ त्या काळात मिळत नाही, आणि मार्चनंतरच्या उन्हात नव्वद मिनिटे खेळवणे मुलांच्या प्रकृतीला झेपणारे नाही. आणखी एक गोष्ट मनापासून सांगतो. महाविद्यालय बाद झाले तरी विद्यापीठाच्या निवड चाचणीला मुलांना अवश्य पाठवा. पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी जो संघ जातो त्यात माझी निवड झाली, तेव्हा आमचे महाविद्यालय पहिल्याच फेरीत हरले होते.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचा मी अत्यंत ऋणी आहे. चाचणीसाठी चार मुलांची नावे उद्या देत आहे. त्यांत ज्याचा फटका खांबाला लागला, तोही आहे. दोन महाविद्यालयांच्या क्रीडा शिक्षकांशी दूरध्वनीवर बोलणे झाले असून, फेब्रुवारीतील रविवारी सकाळी सात वाजता सामने ठेवण्यास ते राजी आहेत. आणखी तीन संघ हवेत. येथे वाचणाऱ्यांपैकी कोणी सोलापुरातील महाविद्यालयीन संघाशी संबंधित असल्यास कृपया याच ठिकाणी कळवावे.