आखाजीला त्याला घागरीजवळ बसू द्या

एका बाईंनी लिहिलंय की त्यांच्या सात वर्षांच्या भाच्याची थोरली बहीण तापाने गेली आणि तो दुसऱ्याच दिवशी क्रिकेट खेळायला गेला, याचं त्यांना नवल वाटलंय. त्यात विपरीत काही नाही. मुलं सलग दुःख करत नाहीत. घटकाभर रडतात, घटकाभर खेळतात. पुन्हा अंथरूण ओलं होणं, पोट दुखणं, आईचा पदर न सोडणं हेही त्यातलंच.

मला खटकलं ते त्याला दिलेलं 'ताई देवाघरी झोपलीय' हे उत्तर. (आपल्याकडे सगळेच असं सांगतात, हेतू चांगलाच असतो.) पण या वयाचं पोर ते शब्दशः धरतं आणि रात्री झोपायलाच घाबरतं. ती वारली, आता परत येणार नाही, असं सरळ सांगा. आणि त्याने विचारलं नाही तरी सांगा, 'तू तिच्याशी भांडलास म्हणून हे झालं नाही.' ही शंका पोरं मनातच ठेवतात.

आमच्याकडे अमळनेरला शेजारी असंच झालं होतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या माणसांच्या नावाने घागर भरताना धाकट्या भावाला बाहेर पिटाळत होते, तर आजी म्हणाली, "बसू द्या त्याले." घागरीवर डांगर (खरबूज) त्यानेच ठेवलं. नैवेद्याला सांजोरीही (सारण भरून तळलेली गोड पुरी) निवडून घेतली, जास्त लाल तळलेली, बहिणीला तशीच आवडायची म्हणून. मग तिच्याबद्दल भडाभडा बोलत सुटला.

वर्गशिक्षकांच्या कानावर घाला. महिने उलटूनही जेवण-झोप ताळ्यावर येत नसेल तर डॉक्टरांना दाखवा. 'मलाही ताईकडे जायचंय' म्हणाला तर मात्र वाट बघू नका, लगेच टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन लावा. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.