शॉट क्लॉकच्या श्रेयात लिओ फेरिस कुठे?

प्रश्न: शॉट क्लॉक म्हणजे बास्केटबॉलमध्ये चेंडू मिळालेल्या संघाला २४ सेकंदांत बास्केटकडे फेक (शॉट) करायला लावणारं घड्याळ. त्याचं नाव निघालं की अमेरिकेतल्या सिराक्यूज नॅशनल्स या संघाचे मालक डॅनी बियासोन आठवतात. मग त्याच संघाचे जनरल मॅनेजर लिओ फेरिस यांचं काय?

प्रतिसाद: मी शाळेत बास्केटबॉल शिकवतो, हा हिशेब मुलांना फळ्यावर दाखवतोच. ४८ मिनिटं म्हणजे २,८८० सेकंद, रंगलेल्या सामन्यात दोन्ही संघांचे मिळून साधारण १२० शॉट. भागा, २४! हे गणित फेरिस यांचंच, असं मानणारे बरेच आहेत. मीही त्यांतलाच. १९५४ला एनबीए या अमेरिकी व्यावसायिक लीगमध्ये घड्याळ आलं आणि रटाळ सामने संपले.

प्रश्नकर्ता: एवढंच?

प्रतिसाद: छे! १९४६मध्ये फेरिस यांच्या आधीच्या संघानं, बफेलो बायसन्सनं, पॉप गेट्स या कृष्णवर्णीय खेळाडूला घेतलं, बेसबॉलमध्ये जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू डॉजर्स संघाकडून उतरण्याआधी. माझ्या लेखी हे घड्याळाहून मोठं. तोच बायसन्स संघ म्हणजे एनबीएतला आजचा अटलांटा हॉक्स.