मदत हवी आहे: नगरपरिषदेच्या सभेत पाणीगळतीचा अहवाल वीस मिनिटांत कसा मांडावा?

जलरेषा

नमस्कार मंडळी. पाणीपुरवठा योजनांचं काम करणाऱ्या एका सल्लागार कंपनीत मी स्थापत्य अभियंता आहे. सांगलीकडच्या एका नगरपरिषदेसाठी आम्ही शहराच्या वितरण व्यवस्थेचा अभ्यास केला. अहवाल मुख्याधिकाऱ्यांना पटला. पुढच्या आठवड्यात सर्वसाधारण सभेत तो मांडायचा आहे आणि ते काम माझ्याकडे आलं आहे. वेळ वीस मिनिटं. समोर नगराध्यक्ष, सगळे नगरसेवक, पाणीपुरवठा विभागाचे अभियंते आणि जीवन प्राधिकरणाचे एक उपअभियंता. म्हणजे काहींना वाहिनीत दाब किती घटतो याची सूत्रं तोंडपाठ, तर काहींना एवढंच हवंय की आमच्या प्रभागात पाणी का चढत नाही. दोघांचंही समाधान व्हायला हवं.

विषय थोडक्यात सांगते. लोकसंख्या ४० हजार. टाक्यांमधून रोज सरासरी ६० लाख लिटर पाणी सुटतं, म्हणजे माणशी १५० लिटर. बिलाच्या हिशेबात मात्र ३६ लाख लिटरच सापडतं, माणशी ९०. पुरवठा दिवसाआड. लोकांची आणि बहुतेक नगरसेवकांची मागणी आहे नवीन उद्भव (म्हणजे पाण्याचा स्रोत) आणि नवीन जलकुंभाची. आमचा निष्कर्ष असा की आधी शहराचे लहान विभाग पाडावेत, प्रत्येकाच्या तोंडाशी प्रवाहमापक बसवावा, पाणी कुठे जातंय ते शोधावं आणि मगच नव्या उद्भवाचं बोलावं. मला हे मनापासून पटलेलं आहे. फुटक्या जाळ्यात आणखी पाणी ओतायला गावाने कर्ज काढू नये असं वाटतं.

अडचण अशी की सादरीकरण अहवालातूनच उचललं आहे. ४२ स्लाइड. प्रस्तावना, व्याप्ती, कार्यपद्धती, लोकसंख्येचा अंदाज तीन पद्धतींनी, संगणकीय मॉडेल, आणि निष्कर्ष येतो ३८व्या स्लाइडवर. वरिष्ठ म्हणतात काहीच गाळू नको, नाहीतर अभ्यास वरवरचा वाटेल. काय ठेवू, काय काढू? सुरुवात कुठून करू? आणि आकडे किती सांगू?

निवृत्त कार्यकारी

ताई, अशा सभा टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिल्या आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पहिलं काम स्लाइडचं नाहीच. विषयपत्रिकेवर तुमचा विषय कोणत्या शब्दांत आलाय ते मुख्याधिकाऱ्यांकडून मागवून घ्या. 'अहवालाचे अवलोकन' असेल तर सभा अवलोकन करेल आणि पुढच्या विषयाकडे वळेल. तुम्हाला मंजुरी हवी असेल तर तसं टिपणीत आलं पाहिजे. मग उभं राहिल्यावर पहिल्याच मिनिटात सांगा की सभेने आज काय ठरवावं अशी आमची शिफारस आहे, त्याला किती खर्च आहे आणि प्रभागाला काय मिळेल. तुमचा निष्कर्ष ३८व्या स्लाइडपर्यंत थांबला तर तोवर निम्मी सभा शेजाऱ्याशी बोलायला लागलेली असेल.

लोकसंख्येच्या तीन पद्धती पूर्ण काढा. त्या अहवालात आहेत, ज्यांना हव्यात ते वाचतील. वरिष्ठांना सांगा की गाळलेलं सगळं शेवटच्या स्लाइडनंतर जोडून ठेवलंय, कोणी विचारलं की लगेच काढता येईल. याने त्यांचीही काळजी मिटते.

दुसरं, शहराचा नकाशा. प्रत्येक भागात नळाला किती दाब मिळतो ते रंगात दाखवा. बैठ्या घराला ७ मीटर आणि तळमजल्यावर एक मजला असलेल्या इमारतीला १२ मीटर दाब हवा (म्हणजे पाणी तेवढं उंच चढेल इतका), हे केंद्राच्या १९९९च्या नियमावलीतले आकडे उपअभियंता साहेबांना माहीत असतील. बाकीच्यांसाठी 'टाकीपर्यंत आपोआप चढतं', 'खालच्या नळालाच येतं' आणि 'मोटर लावल्याशिवाय येत नाही' असे तीन रंग पुरेत. नकाशा पडद्यावर आला की बोलणं थांबवा. प्रत्येक नगरसेवक आधी आपला प्रभाग शोधतो. तो सापडेपर्यंत तुम्ही काहीही सांगा, कानावर पडणार नाही. अर्धं मिनिट शांत उभ्या राहा. ते अर्धं मिनिट वाया जात नाही.

ह्यूस्टनकर

मी इथे पाइपलाइनच्या क्षेत्रात आहे. काकांचं पटलं. शीर्षकांबद्दल थोडी भर घालतो, कारण हा विषय आमच्या शहराच्या फार जवळचा आहे.

नासाचं कोलंबिया अंतराळयान १६ जानेवारी २००३ला उडालं तेव्हा बाहेरच्या इंधनटाकीवरचा फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान कक्षेत असतानाच अभियंत्यांनी त्या धडकेचं विश्लेषण करून स्लाइडवर मांडलं. त्यातली एक स्लाइड अपघातानंतरच्या चौकशी मंडळाच्या अहवालात जशीच्या तशी छापली गेली. शीर्षकाचा सूर दिलासा देणारा होता: चाचण्यांची आकडेवारी पाहता अंदाज सुरक्षित बाजूचे आहेत, म्हणजे प्रत्यक्ष हानी अंदाजापेक्षा कमीच असेल. खाली मुद्दे, उपमुद्दे, त्यांचे उपमुद्दे. आणि अगदी तळाशी, सगळ्यात बारीक अक्षरांत, ही माहिती की चाचणीतला तुकडा ३ घनइंचाचा होता आणि प्रत्यक्षातला अंदाजे १९२० घनइंचाचा. ६४० पट! म्हणजे त्या चाचण्या या धडकेला लागूच पडत नव्हत्या. हे वाक्य शीर्षकात हवं होतं. १ फेब्रुवारीला परतताना यान फुटलं, सातही अंतराळवीर गेले. एका स्लाइडमुळे अपघात झाला असं कोणीच म्हणत नाही, मूळ कारण पंखाला पडलेलं भोक. पण तांत्रिक अहवालाच्या जागी स्लाइड वापरायच्या सवयीवर त्या मंडळाने स्पष्ट ताशेरे ओढले.

म्हणून माझं सांगणं, शीर्षक म्हणजे विषयाचं नाव नव्हे, तुम्हाला जे म्हणायचंय ते पूर्ण वाक्य. खाली त्याचा पुरावा, शक्यतो एकच आलेख किंवा फोटो. पेन स्टेट विद्यापीठातले मायकेल ॲली अभियंत्यांना हीच पद्धत शिकवत आले आहेत. तुमच्या स्लाइडवर आज 'रात्रीच्या किमान प्रवाहाचे विश्लेषण' असं काहीतरी असणार. प्रत्यक्षात काय सापडलं ते इथे लिहा, आपण वाक्य करू.

जलरेषा

अगदी तेच शीर्षक आहे! सापडलं ते असं: एका विभागाच्या मुख्य वाहिनीवर अल्ट्रासॉनिक प्रवाहमापक लावला होता. दिवसभराची सरासरी तासाला ३१ घनमीटर. पहाटे तीनला १८ घनमीटर.

ह्यूस्टनकर

मग लिहा: 'पहाटे तीन वाजता, सगळे झोपलेले असताना, या विभागात तासाला १८ हजार लिटर पाणी जातं.' खाली फक्त तो आलेख. घनमीटर नको, लिटर. आणि आलेख दाखवताना आधी सांगा की आडव्या रेषेवर घड्याळ आहे, उभ्या रेषेवर पाणी. मग बोट पहाटेच्या तीनवर. आपल्याला आलेख रोज बघून सवय असते, समोरच्याला ती रेषा कसली हे कळायलाच वेळ लागतो.

मापनप्रेमी

वाक्य छान आहे, पण उपअभियंता साहेब इथेच अडवतील. तुमचा पुरवठा दिवसाआड आहे ना? मग पहाटे तीनला वाहिनीत पाणी कुठून? मोजणीसाठी तो विभाग मुद्दाम रात्रभर भरलेला ठेवला असेल तर ते आधीच सांगा. आणि तसं केलं असेल तर घराघरांतल्या टाक्या रात्री भरत होत्या का, हाही प्रश्न येणार.

शिवाय १८ ला सरळ २४ तासांनी गुणू नका. दिवसा वापर वाढला की दाब उतरतो, दाब उतरला की गळतीही कमी होते. गुणाकार फुगतो आणि एक आकडा फुगलेला सापडला की बाकीच्यांवरचा विश्वासही जातो.

सगळ्यात महत्त्वाचं, ६० उणे ३६ म्हणजे २४ लाख लिटर 'गळती' म्हणू नका. त्यात फुटक्या वाहिन्या आहेत, तशा नोंद नसलेल्या जोडण्या आणि बंद मीटरही आहेत. 'हिशेबात न येणारं पाणी' म्हणा. सभागृहात कोणाच्या तरी प्रभागात अनधिकृत नळ असणारच आणि तो मुद्दा तुमच्या तोंडून शांतपणे आलेला बरा.

जलरेषा

मनापासून आभार. मोजणीआधी विभाग सलग तीन दिवस भरलेला ठेवला होता, म्हणजे घरच्या टाक्या भरून झाल्या होत्या. हे अहवालात आहे, स्लाइडवर नव्हतं. आता आलेखाच्या खाली एका ओळीत घातलं. सुरुवात अशी केली आहे, बघा बरं:

'टाकीतून रोज ६० लाख लिटर पाणी निघतं. त्यातल्या २४ लाख लिटरचा हिशेब लागत नाही. माणशी १३५ लिटरच्या शासकीय दराने हे सुमारे पावणेअठरा हजार लोकांचं रोजचं पाणी आहे. हिशेबाबाहेरचं पाणी ४० टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आणलं, तर आहे त्याच उद्भवातून माणशी साधारण १२७ लिटर देता येईल. त्यासाठी पहिल्या टप्प्यात विभाग पाडून प्रवाहमापक बसवायला मंजुरी द्यावी, अशी शिफारस आहे.'

एकूण अकरा स्लाइड उरल्या. आता भीती एकच आहे. कोणी विचारलं 'मग माझ्या प्रभागात रोज पाणी कधी येणार?' तर तारीख देता येणार नाही.

चाकणकर

मी वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे, ग्राहकापुढे बिघाडाची कारणं मांडायचं काम नेहमीचं. सुरुवात उत्तम झाली आहे. पण ही पाच वाक्यं पाठ करू नका, फक्त पहिलं आणि शेवटचं पक्कं ठेवा. मधलं तुमचं काम आहे, ते तुम्हाला येतंच. तालीम मात्र उभं राहून, मोठ्याने, घड्याळ लावून करा. समोर अभियंता नसलेलं कोणीतरी बसवा. माझी आई ऐकते आणि जिथे 'म्हणजे काय रे?' विचारते तिथे मी खूण करून ठेवतो. वीस मिनिटांचं बोलणं तेरा-चौदा मिनिटांत संपायला हवं, कारण सभेत मध्येच प्रश्न येणार.

तारखेचं विचारलं तर तारीख देऊ नका, क्रम द्या. आधी मापक, मग त्या विभागाचं रात्रीचं मोजमाप, मग दुरुस्ती, मग पुन्हा मोजमाप. 'दुसरं मोजमाप हातात आल्यावर मी तुमच्या प्रभागाबद्दल खात्रीने बोलू शकेन' हे पूर्ण उत्तर आहे. अंदाजाने 'सहा महिने' म्हणालात तर ते इतिवृत्तात जाईल आणि तुमच्या नावावर राहील.

निवृत्त कार्यकारी

याला जोडून: रोजचं पाणी कसं येतं हे विचारलं तर कराडजवळच्या मलकापूरचं उदाहरण द्या. लहान गाव, मीटरसकट चोवीस तास पुरवठा, आणि तुमच्या सभेतल्या कोणीतरी ते पाहिलेलं असण्याची शक्यता बरीच आहे. परिस्थिती वेगळी आहे हेही त्याच दमात सांगा, तिथे वाहिन्या नव्याने टाकल्या होत्या.

अजून एक व्यवहाराची गोष्ट. नगरपरिषदेच्या सभागृहांत दुपारचा उजेड भरपूर असतो, पडद्यावर फिके रंग दिसत नाहीत. नकाशाचे तीन रंग गडद घ्या आणि तोच नकाशा ए-थ्री कागदावर छापून प्रत्येक बाकावर आधीच ठेवा, प्रभागांच्या सीमा ठळक करून. वीज गेली तरी तुमचं काम अडणार नाही. आदल्या दिवशी सभागृहात जाऊन मागच्या बाकावरून एक स्लाइड स्वतः वाचून बघा, आणि शिपायाला विचारून ठेवा की माइक कोणता चालू असतो.

जलरेषा

कागदी नकाशाचं आजच छपाईला देते. मलकापूरला उद्या आमचे एक सहकारी चालले आहेत, तिथल्या मीटरचा फोटो मागवला आहे. सभा झाली की इथेच कळवते.